टाकी आणि इंजिनाच्या मधला माणूस

मी आजवर अकरा अंतराळजहाजं काढली. त्यातलं एकही उडालेलं नाही आणि उडणारही नाही. काही कादंबऱ्यांत आहेत, दोन लहान मुलांच्या पुस्तकांत, बाकीची संगणकावरच्या खेळांत. बाहेरून जहाज देखणं दिसावं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम असतं. माझं काम आतलं. पपई उभी कापून अर्धी ताटात ठेवावी, तसं जहाज कापून दाखवायचं. इंधन कुठे, इंजिन कुठे, नळ्या कुठून कुठे गेल्या, माणसं कुठे झोपतात. लेखकाने कथेत लिहिलेलं असतं, 'इंजिन सुरू झालं.' ते कसं सुरू झालं असेल, हे मला कागदावर पटवून द्यावं लागतं.

कुरखेड्यासारख्या छोट्या गावात बसून हे काम करते म्हटलं की लोकांना पटत नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर आई परस्पर सांगून टाकते, "कंप्युटरवर इंजिनं काढते." त्यावरून आमच्या शेजारच्या डोमाभाऊंनी माझं नाव 'इंजिनवाली' ठेवलं. मी चंद्रपूरला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले. मराठीत इतकं सलग कधी लिहिलेलं नाही, आणि बोलायचं मी एकूणच टाळते, कुठल्याही भाषेत. या अंकासाठी लिहा असं सांगणारा फोन आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. मग वाटलं, डोमाभाऊंबद्दल कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

आधी धंद्यातली गोष्ट सांगते. दोन ताऱ्यांमधलं अंतर कापणारं जहाज म्हणजे मुख्यतः एक टाकी असते. बाकी सगळं त्या टाकीला लटकवलेलं. नव्या लेखकांना हे आवडत नाही. त्यांना मोठे दिवाणखाने हवे असतात, बागा हव्या असतात. त्यांना सांगावं लागतं की तुमचं जहाज इतकं जड असेल तर ते ढकलायला इतकं इंधन लागेल, आणि ते इंधन ढकलायला आणखी इंधन. बाग छोटी करा.

इंजिन एका टोकाला ठेवायचं, कारण ते प्रचंड तापतं आणि त्यातून घातक किरण निघतात. माणसं दुसऱ्या टोकाला. मधे टाकी. म्हणजे इंधन हीच माणसांची भिंत. पण इंधन जळत जातं आणि भिंत पातळ होत जाते. म्हणून मी एकच मोठी टाकी कधी काढत नाही. पाच-सहा काढते, आणि माणसांच्या सगळ्यात जवळची टाकी शेवटपर्यंत फोडायची नाही असा नियम ठेवते. आमच्याकडे ढोलीतलं धान संपत आलं तरी बियाण्याच्या पोत्याला कुणी हात लावत नाही. तसंच ते.

एका कादंबरीकारांचा आणि माझा वाद झाला होता. वाद म्हणजे त्यांची सहा लांब पत्रं आणि माझी दोन ओळींची उत्तरं. मोठ्या इंजिनाच्या कडेला मी चार छोटी नळकांडी काढली होती. त्यांचं म्हणणं, ही चामखिळीसारखी दिसतात, काढून टाका. मला ती काढायची नव्हती. अंतराळात वजन नसतं, त्यामुळे अर्धी रिकामी टाकी असली की आतलं इंधन तळाशी बसत नाही. गोळे होऊन मधेच तरंगत राहतं. अशा वेळी पंप सुरू केला तर तो इंधनाऐवजी नुसती वाफ ओढतो. म्हणून आधी छोट्या नळकांड्यांनी जहाजाला जरासा धक्का द्यायचा, इंधन मागच्या तोंडाशी गोळा करायचं, आणि मगच मोठं इंजिन चालू करायचं. हे त्यांना कसं समजवावं कळेना. शेवटी लिहिलं: माझ्या आईची स्कूटर वडसा रस्त्यावर बंद पडली तेव्हा तिने ती रस्त्यातच आडवी पाडली, उभी केली, आणि किक मारून पेट्रोल पंपापर्यंत नेली. टाकीत पेट्रोल होतं, फक्त नळीच्या तोंडाशी नव्हतं. त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, "ठेवा."

पण गिऱ्हाईक चुकतं आणि मी बरोबर असते, असं नेहमी होत नाही. मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली गावातले बिस्वास सर शाळेच्या भिंतीसाठी जहाजाचं मोठं चित्र मागायला आले. कच्चं चित्र पाहून म्हणाले, "मॅडम, इंजिन पीछे काऊन? बैल कदी गाडीच्या मागं जुपते काय?"

मी हसले नाही, पण मनात हसले. रॉकेटचं इंजिन मागेच असतं, हे शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे. दोन दिवसांनी सहज हिशोब मांडून पाहिला. मागून ढकलायचं तर अख्खं जहाज जाड तुळयांचं हवं, नाहीतर ते मधेच वाकेल. पुढून ओढायचं तर दोर पुरतात. इंजिनांची तोंडं जराशी बाहेर वळवायची म्हणजे ज्वाला मागच्या माणसांवर येणार नाही, आणि लांब दोरांच्या टोकाला माणसांची खोली. माझ्या तुळयांच्या जहाजापेक्षा ते कितीतरी हलकं निघालं. तसंच चित्र काढून दिलं, ते आजही त्या शाळेत आहे. सरांना मी फोन करून सांगितलं की तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "हां, मालूम था."

आता डोमाभाऊ. ते सत्तरीचे आहेत. आयुष्यभर उसना तांदूळ काढणाऱ्या एका राइस मिलमध्ये बॉयलरवर होते. उसन्या तांदळासाठी धान आधी वाफवतात, आणि ती वाफ करायला धानाचाच भुसा जाळतात. मिल सुटली, पण चारच्या चहाची सवय सुटली नाही. काकू गेल्यापासून तो चहा ते आमच्याकडे घेतात. आई शाळेतल्या नोकरीवरून आलेली असते. दोघं पेपरातल्या बातम्यांवर बोलतात. मी पलीकडे संगणकाच्या पडद्यासमोर बसलेली असते. दोन-तीन वर्षं ते माझ्या पडद्याकडे नुसते बघून जात. कधी विचारत, "भुसा कुठी ठेवला?" म्हणजे इंधन कुठे आहे. मी बोट दाखवायची. ते म्हणत, "वाऱ्याच्या बाजूले तं नाई नं?" मी सांगे, तिथे वारा नसतो. "मंग ठीक हाय."

मग एका वर्षी मला माझं सगळ्यात मोठं काम मिळालं. बंगळुरूच्या एका कंपनीच्या खेळात खेळणारा माणूस एका जहाजावर राहतो. या खेळात जहाज लांबून बघायचं नसून त्याच्या आत चालायचं होतं, प्रत्येक दार उघडायचं होतं. कथेचा एक मोठा प्रसंग असा की जहाजावरची इंजिनीयर बाई मुख्य टाकी आणि इंजिन यांच्या मधल्या पोकळीत जाऊन अडकलेला व्हॉल्व्ह हाताने बंद करते. जहाजाचा सगळा आतला आराखडा माझा होता. नंदिता नावाची बाई या कामाची प्रमुख होती. तिने तो मंजूर केला, सहा जणांनी त्यावरून जहाज संगणकात उभारायला सुरुवात केली, आणि मला सांगण्यात आलं की याच खेळातलं दुसरं जहाजही तुझंच.

मी खूश होते. आईला सांगितलं, आईने डोमाभाऊंना सांगितलं. ते चहाचा कप घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"हे काय व्हय?"

"टाकी."

"अन् हे इंजन. अन् मंधात हा मानूस?"

मापासाठी आम्ही चित्रात एक माणसाची आकृती ठेवतो. ती तयारच मिळते. काळी सावली, सरळ उभी, हात बाजूला. टाकी आणि इंजिनाची ढाल यांच्यामधे मी दीड फूट जागा ठेवली होती. आकृती तिथे कडेने वळवून उभी मावली होती, दोन्ही बाजूंना बोटभर फट राखून.

डोमाभाऊंनी त्या सावलीवर बोट ठेवलं. "हा काम करून नाई राह्यला," ते म्हणाले. "हा फोटो काढाले उभा हाय."

आई हसली. मी नाही.

"व्हॉल्व्ह कुठी?"

मी दाखवला.

"पान्यानं फिरवाचा ना? मंग हात कुठी जाईन? कोपर कुठी जाईन?"

मी म्हटलं, तिथे वजन नसतं, माणूस कसाही फिरू शकतो. हे म्हणताना मला जरा बरं वाटलं. त्यांनी कप ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "चाल, अंगणात ये."

आमच्या अंगणात कंपाउंडच्या भिंतीला लागून पाण्याची काळी टाकी आहे. टाकी आणि भिंत यांच्यात साधारण तेवढीच जागा असेल, दीड फूट. एक तोंड उघडं, दुसऱ्या तोंडाला भिंतीचा कोपरा. डोमाभाऊंनी घरून मोठा पाना आणला आणि माझ्या हातात दिला.

"आत जाय. मांगं टाकीचा कॉक हाय नं, तो फिरवाचा."

मी आईकडे पाहिलं. आईने माझी ओढणी काढून घेतली आणि म्हणाली, "जा ना, काय होते?"

मी अंग कडेला वळवून आत सरकले. टाकी उन्हाने तापलेली होती, भिंत खरखरीत. कॉकपाशी पोचले आणि लक्षात आलं की पाना ज्या हातात आहे तो हात बाहेरच्या तोंडाकडे आहे. हात बदलायला पाना डोक्यावरून न्यावा लागला. मग पाना कॉकला लागला, पण फिरवायला कोपर मागे जाईना. मागे भिंत. थोडं वाकावं म्हटलं तर गुडघे टाकीला. तोवर समोरच्या घरातल्या दोघी बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय झालं वो बाई? पोरगी काऊन तिथी घुसली?"

"इंजन दुरुस्त करून राह्यली," डोमाभाऊंनी सांगितलं.

"बाप्पा! टाकीले कधीपासून इंजन आलं?"

मला तिथून लगेच बाहेर यायचं होतं. पण डोमाभाऊ टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "थांब. आता समज तुले भोवळ आली. डोळे मीट. हात ढिले सोड. मी तुले कसा काढू?"

मी डोळे मिटले. त्यांनी माझा हात धरून ओढलं. ढिलं सोडलेलं अंग वळलं आणि खांदा टाकीला अडला. परत ओढलं. मी हलले नाही. वजन नसतं तरी खांदा अडलाच असता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मागच्या बाजूने कुणी ढकललं असतं तर निघाले असते, पण मागे भिंतीचा कोपरा होता. आणि माझ्या आराखड्यातही त्या पोकळीला एकच दार होतं.

घरात आल्यावर आईने खांद्याला हळद लावली. डोमाभाऊंनी दुसरा चहा घेतला, जो ते कधी घेत नाहीत. मग त्यांनी बॉयलर साफ करायची पद्धत सांगितली. वर्षातून एकदा मिल बंद ठेवून माणूस बॉयलरच्या पोटात उतरतो आणि पाण्याच्या क्षाराची खपली छिन्नीने काढतो. आत जायचं तोंड लंबगोल असतं. झाकणही लंबगोल, तोंडापेक्षा जरा मोठं, आणि ते आतून बसतं. गोल झाकण असतं तर ते आतून बसवताच आलं नसतं, तोंडातून आतच गेलं नसतं. लंबगोल झाकण आडवं करून आत घालता येतं, मग फिरवून तोंडाला लावायचं. आत वाफ भरली की ती झाकणाला बाहेर दाबते, आणि झाकण आणखी घट्ट बसतं. "वाफच राखन करते," ते म्हणाले. मी हे कुठल्याही पुस्तकात इतक्या सोप्या शब्दांत वाचलेलं नाही.

अशी तोंडं दोन असतात, एक वर, एक खाली. माणूस आत असला की दोन्ही उघडी पाहिजेत, नाहीतर हवा खेळत नाही. आणि बाहेर एक माणूस बसलेला पाहिजे. तो दर थोड्या वेळाने पत्र्यावर ठोकतो, आतला उलट ठोकतो. आतला बाहेर येईपर्यंत बाहेरच्याने चहालाही उठायचं नाही.

"एका वर्षी सुखदेव आत व्हता," डोमाभाऊ म्हणाले. "मी बाहीर. खालचं झाकन खोललं नव्हतं. मीच नाई खोललं. अर्ध्या घंट्याचं काम, पन कंटाळा केला. त्यानं ठोकनं बंद केलं. वरतून वढला त्याले, दोर बांधून, चार जनायनं. वाचला. पन खांदा गेला त्याचा. त्याच्यानंतर त्यानं पोतं नाई उचललं."

आई म्हणाली, "भाऊ, हे कधी सांगितलं नाही तुम्ही."

"कायले सांगाचं?" त्यांनी बशी कपावर पालथी ठेवली. "आताही इच्या चित्रासाठी सांगतलं."

ते गेल्यावर मी आराखडा उघडून बसले. खरं सांगायचं तर चूक कुणाच्याही लक्षात आली नसती. खेळातली बाई आत सरकली असती, बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह फिरला असता, पडदा काळा झाला असता आणि ती पुन्हा बाहेर दिसली असती. खेळात माणसाला कोपर नसतं. आणि दुरुस्ती छोटी नव्हती. पोकळी रुंद करायची म्हणजे इंजिन मागे सरकणार, जहाजाचा तोल बदलणार, मधल्या टाकीचा आकार बदलणार, सहा जणांचं महिनाभराचं काम वाया जाणार. मंजूर झालेलं काम स्वतःच चुकीचं ठरवणाऱ्या बाईला दुसरं जहाज कोण देईल, हेही मला दिसत होतं. आणि हे सगळं तोंडाने सांगावं लागणार होतं. मी बैठकीत कॅमेरा बंद ठेवते आणि शक्य तेवढं लिहून कळवते. हे लिहून कळवण्यासारखं नव्हतं. तीन वेळा पत्र लिहिलं, तिन्ही वेळा ते माफीपत्र झालं.

मी खांद्याला हात लावून पाहिला. तिथे अजून दुखत होतं. सोमवारी सकाळी अकराच्या बैठकीत मी कॅमेरा सुरू केला.

बोलणं इंग्रजीत झालं, इथे मराठीत देते. मी म्हटलं, "टाकीमागच्या पोकळीचा माझा आराखडा चुकलाय. तिथे माणूस काम करू शकत नाही. आणि आत बेशुद्ध पडला तर त्याला काढता येत नाही. दोन दारं हवीत, आणि दोन्ही दारं समोरासमोर हवीत." मग सगळं एका दमात सांगून टाकलं, किती काम वाढेल तेही.

नंदिताने आराखडा उघडला आणि ती पोकळी मोठी करून पाहिली. 

नंदिताने विचारलं, "हे तुझ्या लक्षात कसं आलं? कुणा तज्ज्ञाला दाखवलंस?"

"हो. बॉयलरच्या."

"कुठल्या संस्थेत असतात?"

माझ्या जिभेवर एक गुळगुळीत वाक्य आलं होतं, ज्यात राइस मिल हा शब्द नव्हता. ते मी गिळलं. म्हटलं, "राइस मिलमध्ये होते. आमच्या शेजारी राहतात. त्यांनी मला पाण्याच्या टाकीमागे उभं केलं."

कुणीतरी हसलं. नंदिता हसली नाही. "त्यांच्या बॉयलरच्या तोंडाचं माप मिळेल का?" तिने विचारलं. "आणि झाकण कसं बसतं, ते?"

दुरुस्तीला दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत दुसरं जहाज थांबवता आलं नाही, ते पुण्याच्या एका चित्रकाराला गेलं. त्याने ते फार सुंदर केलंय. मी ते पाहते तेव्हा त्याच्या इंजिनाशेजारी माणूस कुठे वाकेल हेच शोधत बसते. हे ईर्ष्येने होतं की सवयीने, मला नक्की सांगता येत नाही. श्रेयनामावलीत माझं नाव आलं. डोमाभाऊंचं यावं असं मी कळवलं होतं. तोवर यादी बंद झाली होती. मी उशीर केला होता. बोलायचं टाळण्याची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्या कुणालातरी द्यावी लागते, हे मी या धंद्यात शिकले.

खेळ आला तेव्हा एका रविवारी चारच्या चहाला मी डोमाभाऊंना खुर्चीत बसवलं. उजव्या हातात माउस दिला, डाव्या हाताची बोटं कीबोर्डच्या कळांवर ठेवून दिली. पहिली दहा मिनिटं ते इंजिनीयर बाईला भिंतींवर आपटत होते.

"ही अशी काऊन चालते? दारू पेली काय?"

"हळू, भाऊ," आई म्हणाली.

मग हात बसला. ते हळूहळू लांब बोळातून मागे गेले, टाक्यांच्या शेजारून, आणि पोकळीच्या तोंडाशी येऊन थांबले. तोंड लंबगोल होतं. बाजूला झाकण, आत वळवून ठेवलेलं. त्यांनी पडद्याजवळ वाकून झाकणाची कड पाहिली.

आत गेले. बाई वाकली, पाना व्हॉल्व्हला लावला, कोपर मागे गेलं, कुठे अडलं नाही. व्हॉल्व्ह बंद झाला. खेळातलं काम तिथे संपतं. पडद्यावर खूण आली की आता मागे फिरा आणि जहाजाच्या प्रमुखांना कळवा.

डोमाभाऊ मागे फिरले नाहीत. ते पोकळीत पुढे सरकत राहिले. तिथे खेळात काहीच घडत नाही, बक्षीसही नाही, कुणी तिकडे जाईल असं कंपनीत कुणालाच वाटलं नव्हतं. शेवटी दुसरं तोंड आलं. ते उघडं होतं. बाई बाहेर पडली आणि उजेडात उभी राहिली.

"निंगली," डोमाभाऊ म्हणाले.

मला वाटलं आता ते माउस ठेवतील. त्यांनी बाईला वळवलं आणि त्या बाजूनेही आत घातलं. इकडून जाताना खांदा कुठे लागतो काय, ते त्यांना पाहायचं होतं.